केरबाने शिवलेला करकरणारा ऐवज

मित्रांनो, मी एक जुना, कातड्याचा, चारचौघांत काढू नये असा ऐवज आहे. जवळपास पोरंटोरं असतील तर त्यांना आधी खेळायला पिटाळा. ही गोष्ट संसार केलेल्या माणसांसाठी आहे. त्यांच्यापुढे सांगतानासुद्धा माझ्या शिवणी ताठरतात, पण एकदा सांगून टाकतो.

मी म्हणजे पुरुषाच्या इंद्रियाची कातड्यात केलेली नक्कल. बघा, एका वाक्यात सांगून झालं. आता मान वर करायला मी मोकळा, पण वर होत नाही. लाजेनं.

माझं जन्मगाव कोल्हापूर आणि जन्मसाल एकोणीसशे एकोणपन्नास. मला घडवलं केरबानं. हा केरबा लढाईत पलटणीचा मोची होता. इटलीत त्याने इतके बूट शिवले, की ते एकाला एक बांधले असते तर रंकाळ्याला तीन वेढे बसले असते. त्याच्या पलटणीत आकाराम नावाचा नाईक होता. डोंगरातल्या एका वाटेवर सुरुंग फुटला, तेव्हा आकारामला पाठीवर घेऊन केरबा चार मैल चालला. आकाराम वाचला. दोन्ही पाय शाबूत राहिले, नुसती काठी आली. पण इस्पितळातल्या डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की इथून पुढे बायकोजवळ नवरा म्हणून जाणं होणार नाही.

शेहेचाळीस साली आकाराम मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी आला. गल्लीने हार घातले. भिंतीवर बिल्ला टांगला गेला आणि नाईक असून लोक त्याला 'सुभेदार' म्हणू लागले. त्याच दुपारी त्याने आपल्या बायकोला, तानाबाईला, सगळं खरं सांगितलं.

"तू मोकळी हाईस. मुरगूडला जा, दादाला सांग, दुसरा पाट लावून दे म्हनावं. मी आड येनार न्हाय."

तानाबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "गप जेवा. गार हुईल."

त्यावर तीन वर्षं गेली. घरात भांडण नव्हतं, पण हसूही नव्हतं. दोन माणसं एकमेकांची इतकी काळजी घेत होती, की एकमेकांना हात लावायलाही भीत होती.

शेवटी केरबानेच विषय काढला; बाहेरच्यांत ही गोष्ट एकट्या त्यालाच ठाऊक होती. लढाईत कुठल्याशा बंदरात त्याने अशा रबरी वस्तू दुकानात मांडलेल्या पाहिल्या होत्या. आकारामने ते ऐकलं, दोन दिवस गिळलं आणि तिसऱ्या दिवशी तानाबाईच्या कानावर घातलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि उठून गेली. आठवडाभर ती त्यावर अक्षर बोलली नाही. मग एकदा पीठ मळताना, परातीकडे बघतच विचारलं, "मऊ असल का ते?"

दुसऱ्या दिवशी आकाराम केरबाच्या दुकानात जाऊन बसला.

"माप?" केरबाने सवयीने कागद आणि पेन्सिल काढली.

आकारामने रस्त्याकडे तोंड फिरवलं. "अंदाजानं घे की."

"अंदाज कुनाचा? माझा का तुझा?"

"केरबा, काठी घालीन हां डोक्यात!"

केरबाने आपल्याच अंदाजाने केलं आणि तिथेच घोटाळा झाला. मित्रांनो, माझा एक थोरला भाऊ होता. तो दुकानात तयार होऊन पडला, तेव्हा तालमीतल्या एका पैलवानाने त्याला मुद्गल समजून दोनदा फिरवून पाहिलं म्हणतात. तानाबाईने कापड उघडलं, एकदाच बघितलं आणि बांधून ठेवलं. "ह्यो काय वरवंटा हाय व्हय? परत द्या त्यांचा त्यास्नी." पुढे केरबा त्या भावाने कातडं ठोकून सपाट करत असे. म्हणून सांगतो, अशी वस्तू निवडताना करणाऱ्याच्या हौसेवर जाऊ नका. जिला वापरायची तिला विचारा, आणि लहान मापापासून सुरुवात करा.

मग माझा जन्म झाला. शेळीचं कवळं कातडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. आत सावरीचा कापूस. खिळा नाही, टाचणी नाही, शिवण सगळी आतून. केरबा रंग चढवणार होता, पण आकाराम म्हणाला, "रंग नगं, अंगाला लागंल." तसाही कमावलेल्या कातड्याचा रंग माणसाच्या कातडीसारखाच होता. हातातून निसटून भलतीकडे अडकू नये म्हणून बुडाला रुंद चकती होती, दोन थरांची, चपलेच्या तळव्यासारखी.

आणि त्या चकतीत केरबाच्या हाताने दगा दिला.

आमच्या कोल्हापुरी चपलेच्या दोन थरांत बिया दडवतात. मग चालताना चप्पल करर्र करर्र वाजते, आणि गडी वळणावर असला तरी त्याचा रुबाब आधी येऊन पोचतो. वीस वर्षं केरबाच्या बोटांना एकच ठाऊक होतं. दोन थर आले की मधे बिया घालायच्या. माझ्याही चकतीत त्या गेल्या. त्याला कळलंसुद्धा नाही.

घरी मला हातात घेतलं आणि मी जोरात बोललो, "करर्र!"

दोघं दचकली. आकारामने काठी उचलली, दाराकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तानाबाईने एकदा चकती दाबली. करर्र. पुन्हा दाबली. करर्र. आणि ती जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. आकारामही हसला. तीन वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

"देतो परत नेऊन. बिया काढंल त्यो," आकाराम डोळे पुसत म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," तानाबाई म्हणाली.

पुढचं मी सांगणार नाही. ऐवज असलो तरी मला काही मर्यादा आहे.

माझी निगा मात्र सांगतो, कारण सारं रामायण त्या निगेतच घडलं. आकाराम सकाळी सरकारी दवाखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला जाई, तो दुपारी दोनला परते. तो गेला की तानाबाई मला रिठ्याच्या कोमट फेसाने पुसून घेई. बुडवून नाही, कातडं पाणी पितं. मग कोरड्या फडक्याने टिपून सावलीत टांगे. उन्हात मी चिरलो असतो आणि ओला गुंडाळला असता तर बुरसलो असतो. वाळल्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावायचे आणि ताठर होऊ नये म्हणून वाकवून वाकवून मळायचं. आकारामच्या फौजी ट्रंकेत, रोग लागू नये म्हणून पलटणीत वाटलेल्या रबरी टोप्या होत्या. त्यातली एक माझ्यावर चढवायची असेल त्या दिवशी तेलाला सुट्टी. पहिल्या टोपीचं तेलाने काय झालं ते सांगत नाही, फार केविलवाणं दिसत होतं.

पण मळायचं म्हणजे वाजणं आलं. रोज सकाळी पाव तास, करर्र करर्र, करर्र करर्र.

पलीकडे धोंडुबाई राहायची. मधे नुसती कुडाची भिंत. धोंडुबाईचे कान असे, की पंचगंगेत मासा वळला तर तिला घरी कळावं. तिने हिशेब लावला. सुभेदार कामावर जातो, आणि मागून नव्या चपलेचा कुणीतरी गडी घरात हिंडतो. आधी हे पाणवठ्यावर गेलं, मग पिठाच्या गिरणीत गेलं. एकावन्नच्या उन्हाळ्यात ते मुरगूडला पोचलं, तानाबाईच्या थोरल्या भावाच्या, हंबीररावांच्या कानावर.

आकारामच्या सुट्टीचा दिवस बघून हंबीरराव आले. माप न घेता दार भरून टाकतील असे होते ते. हातात काठी. आत येऊन त्यांनी दार लोटलं, पाणी घेतलं नाही. मी ट्रंकेत कापडात होतो, तिथूनही मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"दाजी, तुमी ड्यूटीला जाता आनि मागनं हितं चप्पल वाजतीया. समद्या गल्लीला ठावं हाय, येक तुमालाच न्हाय."

आकारामने काठी जवळ ओढली.

"ताने, कोन हाय त्यो?"

"कुनी न्हाय, दादा."

"मग वाजतंय काय? उंदरं चपला घालून हिंडाय लागली व्हय? मला मुरगुडात तोंड दावाय जागा न्हाय ऱ्हायली. कापडं बांध. आत्ता नेतो तुला, आनि पुन्ना ह्यो उंबरा न्हाय."

मित्रांनो, त्या वेळी मला ट्रंकेच्या तळाला जाऊन मरावंसं वाटलं. वाजलो होतो मी आणि बोट तिच्याकडे होतं. एका शब्दाने ती सुटली असती. पण तो शब्द आकारामच्या तोंडून यायला हवा होता, आणि तो आला की भिंतीवरचा बिल्ला, सुभेदार हे नाव, सगळं गेलं. आकारामचे ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता. त्याचा एक हात बिल्ल्याकडे जाऊन परत काठीवर आला.

तानाबाईने तो हात बघितला. आणि ती भावाला म्हणाली, "हाय येक. ह्यांचा काय दोष न्हाय. ने मला."

हंबीररावांची काठी वर गेली.

"पावणं!" आकाराम ओरडला. लढाईतून आल्यावर त्याने एवढा आवाज कधी काढला नव्हता. "हात खाली घ्या. खोटं बोलतीया ती."

तो ट्रंकेपाशी गुडघ्यावर बसला. मला काढलं, कापड सोडलं आणि हंबीररावांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवून चकती दाबली.

करर्र.

"ही तुमची चप्पल. आता पुरतं ऐका. मला लढाईत लागलं ते पायाला न्हाय. मी नवरा हाय तो नावाचा."

हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला. मग चटका बसावा तशी नजर काढून त्यांनी ती आढ्याला लावली. ज्या माणसाच्या काठीला अख्खं मुरगूड भिई, तो माणूस मला बघून घामाने भिजला. माझी लाज विचारूच नका. असतील तेवढ्या शिवणी उसवून कापूस होऊन उडून जावं असं झालं.

"कवापास्नं?" त्यांनी आढ्यालाच विचारलं.

"चव्वेचाळीसपास्नं."

"तानीला ठावं हुतं?"

"घरी आलो त्याच दिशी सांगितलं. जा म्हनालो."

"गेली न्हाय?"

"न्हाय."

हंबीरराव खाली बसले. काठी त्यांनी बाजूला ठेवली. मग त्यांनी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं, उठले आणि दार उघडलं. धोंडुबाई दाराला इतकी चिकटून होती, की आतच पडायची.

"मावशी," हंबीरराव गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दाजींस्नी नव्या चपला केल्यात. तानी रोज तेल घालून त्या मळतीया. त्येचा आवाज हाय त्यो."

"आगं बया! मग सुभेदार घालत का न्हाईत?"

"चावत्यात."

"दोन वरसं?"

"लई चावत्यात! तुमास्नी घालून बघायच्यात का?"

कोल्हापुरात कातड्याला तेल घालून मऊ करतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दारात जमलेल्या बायका हसल्या, आणि धोंडुबाई पुटपुटत आपल्या घरात गेली. त्या दिवशी हंबीरराव जेवून गेले. बहिणीशी ते एवढंच बोलले, "खोटं बोलाय तुला कुनी शिकवलं गं?" आणि तिच्या हातची आणखी एक भाकरी मागून घेतली.

माझ्या बिया केरबाने काढल्या. काढताना स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मी मुका झालो. पुढची वर्षं मी चांगली नोकरी केली, पण कधी कधी तानाबाई मळता मळता चकती दाबून बघे, आणि काही वाजलं नाही की तशीच थांबे.

सत्तावन्न साली माझ्या अंगाला चीर पडली. चिरलेल्या कातड्यात घाण साठते, कितीही पुसा. मी कामातून गेलो होतो. तानाबाईला कळत होतं, पण टाकणार कुठे? नदीत तरंगलो असतो. चुलीत घातलं असतं तर कातड्याचा वास गल्लीभर. उकिरड्यावर धोंडुबाईचा डोळा. म्हणून सहा महिने मी ट्रंकेत नुसता पडून होतो, आणि शेवटी आकारामने ही अडचण हंबीररावांच्या कानावर घातली.

भाऊबीजेला हंबीरराव आले. ओवाळून झालं. मग ते आढ्याकडे बघत आकारामला म्हणाले, "दाजी, तुमी मागं बोलला ते ध्यानात हाय. जुनं द्या हिकडं, मी नेतो. केरबाकडं जाऊन आलोय, त्यो दुसरं करतोय."

आकाराम खाली बघत होता. "बियांबगर सांगितलंसा न्हवं?"

आतून तानाबाईचा आवाज आला, "दोन घाला म्हनावं."

हंबीरराव खोकतच बाहेर पडले. मी त्यांच्या कोटाखाली, फडक्यात. मुरगूडच्या एस.टी.त त्यांनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. कंडक्टरने विचारलं, "पावणं, गठुड्यात काय हाय?"

त्यांचे कान लाल झाले. "घरचं हाय," ते म्हणाले.

त्यांनी मला उसाच्या बांधाखाली पुरलं, आणि तिथूनच मी तुमच्याशी बोलतोय. मित्रांनो, माझी विनवणी ऐका. असा ऐवज घरात असेल तर तो पुसा, सावलीत वाळवा, चिरला की माया न करता टाका. आणि शेजारी काही वाजत असेल, तर वाजू द्या.