खुंटीमागचा दोरा

शुक्रवारी सकाळी आमच्या तांबरमच्या कॉलनीत फाटकापाशी माणसं हात जोडून उभी होती. देव नव्हता तिथे, आमची जुनी कार्बोरेटरची गाडी होती. बॉनेटवर कुंकू, चाकांखाली लिंबं, आणि समोर शेषगिरीस्वामी. पूर्वी हा गाड्या दुरुस्त करायचा, आता गाड्यांची भुतं उतरवतो.

महिनाभर त्याचं भाकीत चुकलं नव्हतं. "घरून नीट निघेल, पेरुंगुडी यायच्या आत काळं ओकून थांबेल," म्हणायचा आणि तसंच व्हायचं. शुक्रवारी काचा लावून एकटा आत बसायचा, मंत्र पुटपुटायचा, की तो उतरेपर्यंत गाडी गुमान चालायची. लोक गहिवरायचे. या गाडीला शुक्रवार कसा कळतो, एवढंच मला कळत नव्हतं.

गाडी चालवते माझी सून ऊर्मी. पेरुंगुडीला नोकरी आहे तिची. आज तिला एक फेरी मारायला लावून शेषगिरीने निकाल दिला, "अम्मा, दोष चालवणाऱ्या हातात आहे. एंजिन उघडायला चाळीस हजार, तरी खात्री नाही. पंधरा हजारांत गाडी मला विकून टाका, भूत मी सांभाळतो."

"भुताचे वेगळे धरलेस की त्यातच?" मी विचारलं.

माझा मुलगा हेरंब म्हणाला, "देऊन टाकू, आई. आणि ऊर्मीने आता गाडी चालवायचीच नाही."

ऊर्मीचा चेहरा उतरला. खरं सांगते, दोन दिवस मीही तिच्या हातांकडे संशयाने पाहिलं होतं.

गाडी धडधडत होती, मागून काळा धूर. तो नाकात गेला नि मी थबकले. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण वातीचा स्टोव्ह तीस वर्षं. तेल जास्त, हवा कमी, की असाच धूर.

"ऊर्मी, यात तेलहवा कमीजास्त कशाने होते?"

"चोकने, आई. ही खुंटी. गार गाडीला ओढायची, गरम झाली की आत ढकलायची."

"मग ढकल."

"जात नाही. स्वामींनी दोरा बांधलाय. मी बोलले होते, पण हेरंब म्हणाला, स्वामींना जास्त कळतं."

वाकून पाहिलं. खुंटीमागच्या दांडीवर जाड लाल दोरा, अंगठ्याएवढा गुंडाळलेला. खुंटी आत जाईल कशी?

"अम्मा, दोऱ्याला हात लावू नका. घरावर येईल."

"हात नाही लावत." त्याच्याच ताटातली लिंबाची सुरी मी दोऱ्याला लावली.

ऊर्मीने खुंटी ढकलली. धडधड थांबली, एंजिन एका लयीत चालू लागलं. धूर पातळ झाला, मग दिसेना.

"आता सांग," मी म्हटलं, "काचा लावून दोरा सोडायचास, आणि उतरताना नवा बांधायचास ना?"

शेषगिरी ताट आवरायला लागला. शेजारची त्रिपुरसुंदरी मामी हळूच म्हणाली, "माझ्या नातवाच्या गाडीलाही बांधलाय हो याने."

धुराने काजळलेले प्लग साफ करायला चारशे रुपये लागले. भूत तेवढंच होतं.

किल्ली मी ऊर्मीच्या हातात दिली आणि हेरंबला मागे बसवलं. तुम्हालाही सांगते, गाडी बिघडली तर धुराचा वास घ्या, खुंटी आत जाते का बघा, मिस्त्रीला चार प्रश्न विचारा. चालवणारीच्या हाताला दोष देणारा भेटला, तर आधी त्याचा हात कुठे होता ते पाहा.