कपाटामागची चार बाय सहा

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. मोजायची टेप, गाणी वाजवायची नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या पिवळ्या डबीचा एक कोपरा फुटला आहे, पहिले सात-आठ आकडे पुसट झाले आहेत आणि खटका दाबला की मी कुरकुरत आत जाते. वयाचा मान ठेवून तेवढं चालवून घ्या.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो पट्ट्या एका दिवसात कापल्या गेल्या. मी मात्र नशीबवान. दुकानात एका रंगाऱ्याने मला बाहेर ओढलं, दोनदा फटकन आत सोडलं आणि म्हणाला, "ही खरं बोलेल." त्या दिवसापासून सव्वीस वर्षं मी त्याच्या खिशात राहिले.

आमचं काम सोपं होतं, पण चुकायला जागा भरपूर. खोलीच्या चारही भिंतींची लांबी मी सांगायची. तिला उंचीने गुणायचं, दार आणि खिडकी वजा करायची. एका लिटरमध्ये पासष्ट चौरस फुटांवर रंगाचे दोन हात बसतात, हा त्याचा हिशेब. तो पेन्सिलीने भिंतीवरच आकडे मांडायचा आणि सांगायचा, "नऊ लिटर." नऊ म्हणजे नऊच. काम संपलं की डबा उलटा धरला तरी थेंब पडायचा नाही. सगळे त्याला थेंबमास्तर म्हणायचे. काय ऐट होती आमची! त्याचं कौतुक झालं की माझीही पट्टी ताठ व्हायची.

त्याची एक खोड मात्र सांगायलाच हवी. जड कपाट असलं की तो ते हलवायचा नाही. कपाटाची उंची-रुंदी मला विचारायचा आणि तेवढी भिंत वजा करून टाकायचा. "मागे कोण डोकावतंय?" असं म्हणायचा. खरंच, कधी कुणी डोकावलं नाही.

मग त्याची बायको आजारी पडली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं. दुसऱ्यांची घरं रंगवता रंगवता आमच्या घरातल्या भिंती हिरवट, कळकट झाल्या होत्या. ती म्हणाली, "अहो, आता दिवसभर मला भिंतीकडेच बघायचंय. निदान रंग तरी माझ्या आवडीचा लावा."

रंगाऱ्याने लगेच मला काढलं. भिंती चव्वेचाळीस फूट, उंची दहा. दार वजा, खिडकी वजा, आणि सवयीने तिचं लोखंडी कपाटही वजा. चार बाय सहा.

ती अंथरुणातून बघत होती. "माझ्याच खोलीत मापात पाप होय?" ती हसून म्हणाली. "कपाट धरून सात लिटर घ्या की."

"सहा," तो म्हणाला. "माझा अंदाज कधी चुकलाय का?"

पांढऱ्या रंगात रंगद्रव्य घालायला त्याने बादली तिच्या पलंगापाशीच आणली. ती सांगत गेली, तो थेंब टाकत गेला. "अजून पिवळा... जरासा लाल... अहो, बास बास!" आटलेल्या दुधासारखा रंग झाला. किती थेंब पडले ते दोघांनीही मोजलं नाही. मलाही थेंब मोजता येत नाहीत. सहा लिटर रंग पुरला आणि बादली कोरडी झाली. तो तिला बादली दाखवून म्हणाला, "बघ!" ती म्हणाली, "बघितलं हो, थेंबमास्तर."

त्या भिंतींकडे बघत ती दीड वर्ष जगली.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मुलगी आली. आईने कपाट तिला द्यायचं कबूल केलं होतं. चौघांनी ते उचललं आणि मागे जुन्या, कळकट हिरव्या भिंतीचा तुकडा उघडा पडला. रंगारी तिथेच खाली बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिचा रंग बनवायला लागला. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लावायचा, भिंतीला टेकवून बघायचा. ओला असताना जुळायचा. वाळला की कधी गुलाबी दिसायचा, कधी मातकट. असे एकतीस पुठ्ठे झाले. आयुष्यभर लोकांच्या पसंतीचे रंग करणाऱ्या त्या हाताला बायकोचा एक रंग साधेना. त्याचे हाल मला बघवत नव्हते.

मुलगी म्हणाली, "बाबा, किती त्रास करून घेता? सगळी खोली नव्याने रंगवू. मी डबे आणलेत."

"आणि हा रंग झाकू?" त्याने विचारलं. मुलगी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मग न उघडलेले डबे परत घेऊन गेली.

घरात कुणी नाही असं बघून त्याने मला खिशातून काढलं. तो हिरवा तुकडा मोजला. मी तेच सांगितलं, जे दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्याने पेन्सिलीने भिंतीवर भागाकार केला आणि रिकाम्या पलंगाकडे वळला. "अर्धा लिटरसुद्धा लागला नसता गं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

नंतर त्याने काम सोडलं नाही, पण प्रत्येक घरी तो कपाट हलवायला लावतो आणि एक लिटर जास्त सांगतो. उरलेला रंग बाटलीत भरून, वर खोलीचं नाव लिहून घरच्यांच्या हातात देतो. लोक म्हणतात, म्हातारा चुकायला लागला. त्याला आता कुणी थेंबमास्तर म्हणत नाही. माझ्याऐवजी त्याच्या खिशात नवी टेप असते. मला त्याने त्या हिरव्या तुकड्यावर खिळा ठोकून अडकवलं आहे. वापर नाही म्हणून मला गंज चढतो आहे, पण त्याची तक्रार नाही.

मित्रांनो, मी दोन्ही वेळा खरंच बोलले. पण मला जेवढं विचारलं जातं तेवढंच सांगता येतं. तुमच्या घरी कधी रंगकाम निघालं, तर एवढं माझं ऐका. थोडा रंग उरू द्या, बाटलीचं झाकण घट्ट लावा. आणि पलंगावरून कुणी सात म्हणालं, तर सातच आणा.