सहीच्या आधी

एजंटबाई स्टुलावर चढली आणि तिने भिंतीवरचा शेवटचा फोटो खिळ्यावरून सोडवला. फोटोत डेपोतली माणसं दोन रांगांत उभी होती, खाकी कपड्यांत, उन्हाने डोळे बारीक केलेली. मागच्या रांगेत अगदी कडेला या घराचे मालक. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

"तोही?" खाली उभ्या असलेल्या मालकांनी, म्हणजे कंडक्टरकाकांनी विचारलं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत.

"तोही कपाटात, काका. लोक स्वतःचं घर बघायला येतात. भिंतीवर दुसऱ्याची माणसं दिसली की ते पाहुण्यासारखे वागायला लागतात. आणि पाहुणा काही विकत घेत नाही."

"म्हणजे मीसुद्धा कपाटातच बसायला हवं."

ती हसली, पण खरं तर तिला तेच सुचवायचं होतं. घर दाखवताना मालकाने फिरायला निघून जावं, हे ती प्रत्येकाला सांगत असे. काकांनाही सांगितलं होतं. ते घोटलेली दाढी आणि इस्त्रीचा शर्ट अशा थाटात दारापाशी उभे होते आणि त्यांचा कुठे जायचा विचार दिसत नव्हता.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजायला लागली. रविवार होता, आणि सगळ्यांना एकदमच घर दाखवायचं ठरलं होतं. रांग तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आणि तिथून खालच्या फाटकापर्यंत गेली. माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. आपल्या पुढचा किती देऊ शकेल याचा अंदाज घेऊन झाला की नजर मोबाइलमध्ये. आत शिरलेले लोक दारातच अडकून छताकडे बघत राहिले, तसा काकांचा आवाज आला.

"पुढे सरका, पुढे सरका. आत जागा आहे. बॅगा पुढे घ्या."

एक-दोघं हसले आणि खरोखरच पुढे सरकले. एजंटबाईने मान खाली घातली. लोकांनी कपाटं उघडली, नळ सोडून बघितले, भिंतीवर बोटाने टकटक केली. कुणीतरी म्हणालं, ही भिंत पाडली की हॉल मोठा होईल. काका त्या भिंतीला पाठ लावून उभे होते. ते जरा बाजूला झाले.

रांगेच्या शेवटी एक नर्स होती. पायांत दवाखान्यातले पांढरे बूट, डोळ्यांखाली जागरण. तिने एकही कपाट उघडलं नाही. ती मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि मग एजंटबाईला सोडून थेट काकांना विचारलं, "इथे दिवसा झोप लागते का हो?"

"या खोलीत लागते. पुढच्या खोलीत नाही लागणार. समोर शाळेचं मैदान आहे, पोरं आभाळ डोक्यावर घेतात."

एजंटबाईने त्यांच्याकडे रोखून बघितलं. मालकाला घराबाहेर पाठवायचं ते याचसाठी.

"मग पुढची बहिणीला देते," नर्स म्हणाली. "तिची दिवसाची नोकरी आहे."

हे घर विकायला निघालं होतं ते काकांच्या मुलासाठी. मुलगा आणि सून वर्षभर एजंटबाईबरोबर घरं बघत फिरत होते. राहायला भाड्याच्या दोन खोल्या, एक पोर शाळेत जाणारं, दुसरं येऊ घातलेलं. घर बघायचं, आवडायचं, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवायचं, आणि मग ते दुसऱ्याचं झाल्याचं फोनवर ऐकायचं, असं पाच वेळा झालं होतं. पहिल्या वेळी सून रडली होती. पाचव्या वेळी ती फक्त "बरं" म्हणाली, आणि ते ऐकून एजंटबाईला जास्त वाईट वाटलं होतं.

तेव्हा तिनेच मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, "या बाजारात सकाळी लागलेली पाटी संध्याकाळी उतरते. कर्ज मंजूर होईल, मग बघू, असं म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. ज्याच्या हातात पैसा तयार, घर त्याचं."

मुलाने वडिलांकडे विषय काढायला बरेच दिवस लावले. काकांनी मात्र एका दमात होकार दिला. सहावं घर बघायला ते स्वतः आले होते. तळमजल्यावर, जिन्याला लागून, एक छोटी खोली होती. "ही बाबांची," सून म्हणाली. काका खिडकीपाशी उभे राहिले, खाट कोणत्या अंगाला लावावी याचा त्यांनी विचार केला, आणि निघताना त्या खोलीचं दार नीट लागतं का तेही बघून घेतलं. त्या दिवशी गाडीत ते फार बोलत होते.

त्या घरासाठी मुलाने ऑफर दिली होती, पण वडिलांचं घर विकलं गेलं तरच, या अटीवर. तिकडच्या मालकाने उत्तरासाठी मंगळवारपर्यंतचा वेळ घेतला होता.

इकडे काकांच्या घराला सोमवारीच गिऱ्हाईक ठरलं. सगळ्यांत वरची ऑफर नर्सची होती. तिने आणि बहिणीने आपापली शिल्लक एकत्र केली होती. याआधी चार घरांवर तिने पाणी सोडलं होतं, प्रत्येक वेळी कुणी ना कुणी तिच्या वर चढून गेलं होतं. एजंटबाईने फोन करून होकार कळवला. तेव्हा नर्स म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा सांगाल?"

मंगळवारी संध्याकाळी कागद तयार झाले. एजंटबाई काकांच्या इमारतीखाली गाडी लावत असतानाच फोन वाजला. तिकडच्या मालकाचा एजंट होता. त्यांना दुसरी ऑफर आली होती. रक्कम जवळपास तेवढीच, पण अट कसलीच नाही. मालकाने ती घेतली होती.

तिने लगेच मुलाला फोन लावला. अशा वेळी वाक्यं फिरवायची नाहीत, हे ती या धंद्यात शिकली होती.

"गेलं," ती म्हणाली.

 पलीकडे रहदारीचा आवाज.

"बाबांची सही झाली?"

"नाही. मी खालीच आहे. आता वर जाऊन त्यांना सांगते, म्हणजे..."

"सांगू नका."

तिने गाडीचं इंजिन बंद केलं.

"आधी सही होऊ द्या," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "मग मी सांगतो. मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, ज्याच्या हातात पैसा तयार, घर त्याचं. आज अट नसती तर घर आपलं होतं. पुढच्या वेळी अट नसेल."

"आणि तोवर काका?"

"आमच्याकडे. हॉलमध्ये. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

दोन-चार महिने. एजंटबाईला हा हिशेब ठाऊक होता. घर विकून पैसा हातात घेतलेली, आणि त्या पैशाच्या पुढे बाजार धावत सुटल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हॉलमध्ये झोपणारी माणसं तिने पाहिली होती. त्यातली काही तिनेच तिथवर पोचवली होती. पण मुलगाही खोटं बोलत नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं ठरवायला जावं तर तिचंच वाक्य आडवं येत होतं.

"मी बघते," एवढंच ती म्हणाली.

वर काकांनी दार उघडंच ठेवलं होतं. टेबल पुसून घेतलं होतं, पेन काढून ठेवलं होतं. ते खुर्चीवर ताठ बसले आणि त्यांनी चष्मा लावला.

"कुठे करायची?"

तिने कागद बाहेर काढले. पानं उलटून सहीची जागा समोर आणली. काकांनी पेनाचं टोपण काढलं. तिचा हात कागदावरच राहिला.

"काका, ते घर गेलं."

काकांनी वर बघितलं नाही. "कोणतं?"

"मुलाने ऑफर दिली होती ते. दुसऱ्यांना मिळालं. आत्ताच कळलं."

खाली शाळेच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. काका काही वेळ सहीच्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिले.

"म्हणजे ती जिन्याजवळची खोली पण गेली."

"हो."

"चांगली होती," ते म्हणाले. मग विचारलं, "त्याला कळलंय?"

"हो. मीच सांगितलं. वर यायच्या आधी."

काकांनी टेबलावरचा स्वतःचा मोबाइल उचलला, उलटून बघितला आणि पुन्हा जागेवर ठेवला. एजंटबाईने नजर कागदांकडे वळवली.

"गाडी चालवत असेल," काका म्हणाले. "गाडी चालवताना फोन करू नये."

"हो."

"सही झाल्यावर सांगितलं असतंत तर?"

"तर सही झालेली असती."

त्यांनी मान हलवली. कुणावर रागावलेले दिसत नव्हते. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"बाई, नोकरीत मी नाही नाही ती माणसं बघितली. बिनतिकिटाची, प्यायलेली, भांडखोर. पण गाडी बंद पडली तर मागची गाडी येईपर्यंत मी कुणाला रस्त्यावर उतरू दिलं नाही. बसा म्हणायचो आतच. उकडलं तर उकडू दे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसेना, दुसऱ्यांदा दाबावं लागलं. "दुसरं घर पक्कं झालं की या. त्या दिवशी सही करीन. तोवर मी इथेच आहे."

तिने कागद गोळा केले.

"आणि पोराला सांगा, म्हातारा आयत्या वेळी अडून बसला. तुमचं नाव येऊ देऊ नका. तुमचंही पोट आहे."

जिना उतरताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि तिने मुलाला फोन लावला. काकांनी दिलेलं वाक्य तयार होतं, सोपं होतं. आणि त्या घरात अडून बसलेला म्हातारा ही गोष्ट कुणालाही सहज पटली असती.

"सही झाली नाही," ती म्हणाली. "मी त्यांना आधी सांगितलं."

"मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

"लक्षात आहे. पण सही त्यांची होती."

 त्याने गाडी बाजूला घेतली असावी, कारण रहदारीचा आवाज आता लांबून येत होता.

"आम्ही दुसरा एजंट बघतो," तो म्हणाला.

"बरं."

तिला वाटलं, फोन ठेवला. पण नव्हता ठेवला.

"मी सांगू नका म्हणालो, हे सांगितलंत त्यांना?"

"नाही. पण तुमचा फोन आला नाही, हे त्यांनी बघितलं." ती पुढे म्हणाली, "गाडी चालवत असेल, म्हणाले."

पलीकडून एक आवाज आला, शब्द नव्हता तो. मग फोन बंद झाला.

एजंटबाई गाडीत येऊन बसली. अजून एक फोन बाकी होता, आणि तो सगळ्यांत जड होता. नर्सने घरमालकाला खोली सोडत असल्याचं कालच सांगून टाकलं होतं. हातातोंडाशी आलेला घास काढून घेताना जे बोलायचं, ते एजंटबाई इतक्या जणांशी बोलली होती की ती वाक्यं आपोआप जिभेवर येत. आज येईनात. समोरच्या काचेतून तिला फाटक दिसत होतं. तिथे मुलाची गाडी येऊन उभी राहिली. तो उतरला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, किंवा ती त्याला दिसली नाही. फाटकाशी तो जरा घुटमळला आणि मग भराभर जिना चढून गेला.

तिने नर्सला फोन लावला.

"काकांनी सही केली नाही," ती म्हणाली. "व्यवहार होणार नाही. चूक तुमची काहीच नाही. मला फार वाईट वाटतंय."

 पलीकडे कुणीतरी नर्सला हाक मारत होतं, आणि ती ओ देत नव्हती.

"कुणी जास्त दिले का, ताई?"

"नाही."

"मग? कोण येतंय तिथे?"

"कुणीच नाही. त्यांना जायला दुसरं घर उरलं नाही. ते तिथेच राहतायत."

"ते आजोबाच?"

"हो."

आता एजंटबाई पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. चिडण्याची, रडण्याची, मला शब्द दिला होता त्याचं काय, असं विचारण्याची. ते सगळं ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

"मागच्या चारही वेळा कुणीतरी जास्त दिले होते," नर्स हळूच म्हणाली.  "या वेळी तसं नाही म्हणजे."

"नाही."

"मग असू दे."

पुन्हा मागून हाक आली. "आले, आले," नर्स फोन बाजूला धरून म्हणाली. परत बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा, कामातला झाला होता.

"उद्या दुपारी मी मोकळी आहे. दाखवण्यासारखं काही असलं तर कळवा."