पुढच्या खेपेची चिठ्ठी

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाचं घोडं अडतं ते गोड्या मसाल्यापाशी. बाकी सगळं तो निमूट शिकतो. पानवाल्याशी अदबीनं बोलतो, मुलांना हिंदीतून रागावतो, पण आमटीला तो वास नसला की त्याचं तोंड वाकडं होतं. इंदिरानगर आणि आसपासच्या अकरा मराठी घरांचं हे दुखणं पंढरीनाथ खांबेटे यांनी कितीतरी वर्षं सांभाळलं होतं.

खांबेटे रेल्वेतले इंजिनियर. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर रेल्वेचे पास मिळत, त्यावर ते वर्षातून तीनदा कराडला थोरल्या बहिणीकडे जात. निघण्याआधी महिनाभर घरोघरच्या चिठ्ठ्या जमा होत: मसाला इतका, मेतकूट इतकं, आमसुलं जमल्यास. त्या चिठ्ठ्या ते फोनवरून चंद्रप्रभाताईला वाचून दाखवत आणि तिकडे कढई चुलीवर चढे.

खरं सांगायचं तर मसाला हे निमित्त होतं, आणि हे खांबेट्यांना पक्कं ठाऊक होतं. कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यातून बहिणीचं घर म्हणजे तिचं सासर, तिथे आता मुलगा आणि सून. पण खिशात अकरा चिठ्ठ्या असल्या की ते पाहुणे नसत, कामावर आलेले असत. मग आठ दिवस स्वयंपाकघरात बसून धणे निवडायचे, दगडफूल साफ करायचं, आणि ताईच्या तोंडून आईच्या गोष्टी ऐकायच्या. आई आठवणारी जगात आता ही दोनच माणसं उरली होती. त्या आठ दिवसांवर म्हातारा पुढचे चार महिने काढायचा.

दोन हजार सतरा साली खांबेट्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तिथल्या मराठी मंडळानं श्रीखंड-पुरीचा बेत केला. शाल झाली, नारळ झाला, आणि मग संशोधन संस्थेतली विनया पाटणकर उभी राहिली. विनया त्यांना मुलीसारखी. ती म्हणाली, काकांनी आजवर आपल्यासाठी हमाली केली, मागच्या खेपेला तर पुणे स्टेशनच्या जिन्यावर त्यांची कंबर धरली, आता पुरे. सगळ्यांनी मिळून काकांसाठी ऑनलाइन खरेदीची वर्षभराची मेंबरशिप घेतली होती. आठ घरांनी स्वतःसाठीही घेतली होती, उरलेली तीन त्यांच्याकडून मागवणार होती. मसाला, मेतकूट, अगदी कुळथाचं पीठसुद्धा दोन दिवसांत दारात, पोचवणावळ नाही.

"काका, आजपासून तुमचं ओझं बंद," विनया म्हणाली.

टाळ्या झाल्या. खांबेट्यांनी नमस्कार केला आणि "फार छान केलंत" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. एवढ्या मायेनं दिलेली वस्तू परत कशी करायची, आणि माझं ओझं मला द्या, असं पंचाहत्तराव्या वर्षी कोणत्या तोंडानं सांगायचं?

अन्याय करू नये, मेंबरशिप कामाची होती. विनयाच्या लेकीनं, अनुष्कानं, "नाना, बस यहाँ दबाना है" म्हणत त्यांना फोन शिकवला. बल्बसाठी हजरतगंज गाठायला नको, उन्हात रिक्षा शोधायला नको. कंबरेचा पट्टा आला, दाढीचं सामान आलं, एकदा चुकून दोन डझन हँगर आले, तेही बिनबोभाट परत गेले. सामान चिनहटच्या गोदामातून निघालं, वाटेत आहे, जवळ आलं, असे निरोप फोनवर येत. दिवसभरात त्यांच्याशी एवढं कुणी बोलत नसे.

फक्त चिठ्ठ्या यायच्या थांबल्या.

जुलैच्या सुमारास ताईचा फोन आला. "पंढरी, चिठ्ठ्या वाच."

आता तुझा मसाला कुणाला नको आहे, हे तिला सांगायचं? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला? त्यांनी सांगितलं, या खेपेला जरा उशीर होतोय, मंडळी सुट्टीला गेलीत. आयुष्यात फारसं खोटं न बोललेला माणूस. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग सुरू झालं पार्सल पाठवणं. जायला निमित्त नव्हतं, पण पाठवायला मेंबरशिप होती. ताईला गुडघ्याचा पट्टा गेला, गरम पाण्याची पिशवी गेली, दिवाळीआधी मिक्सर गेला. वस्तू पोचली की ताई फोन करी. मिक्सर पोचला तेव्हा म्हणाली, "चांगला आहे रे. आवाजही मोठा आहे. पण त्याला आईची गोष्ट सांगता येत नाही. तू कधी येतोस?"

"काम निघालं की येतो."

"तुला यायला काम लागतं होय?" ताई हसली. खांबेटेही हसले. त्या वर्षीचे पास त्यांनी काढलेच नाहीत.

नुसतं उठून जायचं होतं. तिकीट काढायचं, गाडीत बसायचं, दारात उभं राहून म्हणायचं, ताई, मसाला नको, तुला बघायला आलो. एवढं साधं वाक्य, पण ते म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्या घरात कुणालाच नव्हती.

जानेवारीत भाच्याचा, चंद्रशेखरचा, फोन आला. पहाटे चहा घेता घेता ताई गेली. लखनौहून पुणं, पुण्याहून कराड. धुक्यानं गाडी सोळा तास रखडली. विनयाला त्यांनी गाडीतून एवढंच कळवलं, कराडला जातोय, दोन आठवड्यांनी येईन. दोन दिवसांत काहीही दारात आणणाऱ्या त्या जगात खांबेटे तिसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा अस्थीसुद्धा गोळा झाल्या होत्या.

तेरावं झाल्यावर चंद्रशेखरनं फडताळातून एक पिशवी काढली. आत अकरा पुड्या होत्या, प्रत्येकीवर ताईच्या वाकड्या अक्षरात नाव. चिठ्ठ्या आल्या नाहीत म्हणून तिनं आदल्या खेपेच्या अंदाजानं मसाला केला होता. तोही दोनदा. पावसाळ्यातला जुना झाला म्हणून गल्लीत वाटून टाकला आणि दिवाळीनंतर पुन्हा केला. पंढरी आला की त्याला ताटकळायला नको, म्हणायची. मिक्सर खोक्यातच होता. मसाला तिनं खलबत्त्यात कुटला होता.

खांबेटे फडताळाला धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. भाच्यानं मामाला असं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मामा, एवढ्या पुड्या कशाला नेताय या वयात? मी कुरियरनं पाठवतो."

"नको. माझं ओझं आहे ते. मीच नेणार."

लखनौत उतरून आंघोळ केली आणि त्यांनी पुड्या वाटायला घेतल्या. पहिलं घर विनयाचं. ती रजेवर होती, खुशीत होती. तिनं पुडी हातात घेतली. वर लिहिलं होतं, 'विनया. तिखट कमी, लेक लहान आहे.' लेक आता कॉलेजात जात होती. विनयानं पुडी उघडली आणि डोळे मिटून वास घेतला.

"काका, खरं सांगू? त्या ऑनलाइनवाल्या मसाल्याला ही सर नाही. सगळ्यांच्या घरी तेच बोलणं चाललंय, पण तुम्हाला पुन्हा कामाला कसं लावायचं म्हणून गप्प होतो." तिनं फ्रिजवरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहायला लागली. "थोडं थोडंच आणा, ओझं होऊ देऊ नका. ही घ्या पुढच्या खेपेची चिठ्ठी."

वर्षभर ज्या कागदाची वाट पाहिली तो हातात आला होता. खांबेट्यांनी तो नीट वाचला. मसाला एक किलो. मेतकूट पाव. आमसुलं जमल्यास. सवयीनं चार घड्या घालून खिशात ठेवला आणि पिशवी उचलून ते फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली, आणि परत आले.

"विनया," ते म्हणाले, "ताई गेली. तेरावं करूनच आलो."

विनयानं पुडी पुन्हा नीट मिटली आणि चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला. खांबेट्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. अजून दहा घरं व्हायची होती.