उजेडाची बाजू

चित्रकलेच्या बाई मुलांना पाठीवरून ओळखायच्या. सातवीच्या वर्गात त्या बाकांमधून फिरायच्या त्या नेहमी मागच्या अंगाने. मुलाच्या खांद्यावरून वाकायचं, कागद बघायचा, चुकलेलं स्वतःच्या हाताने सुधारायचं आणि पुढे सरकायचं. वर्षानुवर्षं हेच. कोणाची रेघ थरथरते, कोण कागद फाटेस्तोवर पेन्सिल दाबतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. चेहऱ्यांचं विचाराल, तर आनंदच होता.

त्या दिवशी मात्र विषयच चेहऱ्याचा होता. घरून आरसा आणायचा, बाकावर उभा करायचा आणि त्यात बघून स्वतःचं चित्र काढायचं. "मनाचं काही काढायचं नाही," बाईंनी बजावलं. "जे दिसतं तेच काढायचं." खिडकी डाव्या हाताला, म्हणजे डावा गाल उजळ आणि उजवा सावलीत. इतकं सोपं. तरी निम्म्या वर्गाने स्वतःला सिनेमातलं करून टाकलं, आणि एकाने तर मिशाही काढल्या.

कडेच्या बाकावर मुंगी होती. अंगाने एवढीशी आणि सदा खाली मान घालून कामात, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. एरवी गालावर येणारे केस तिने आज आरशासाठी कानामागे खोचले होते. बाई मागून वाकल्या. चित्र छान उतरलं होतं, पण डाव्या जबड्याखाली मुंगीने चार काळपट पट्टे ओढले होते, ऐन उजेडाच्या बाजूला. बाईंच्या कपाळावर आठी पडली. छायेच्या बाबतीत त्या नाकावर माशी बसू देत नसत.

"हे काय गं? उजेड कुठून येतोय?"

"खिडकीतून."

"मग इथे सावली कशी पडेल?"

मुंगीने पुन्हा आरशात पाहिलं. "पण बाई, तिथे आहे."

"असं कसं असेल? उजेडाच्या बाजूला डाग नसतो." बाईंनी खोडरबर घेतलं आणि पट्टे साफ पुसून टाकले. कागद तिथे थोडा खरबरीत झाला. "बघ आता. किती छान दिसतेस."

"बरं बाई," मुंगी म्हणाली आणि तिने केस पुन्हा गालावर सोडले.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन लागलं. पालक आले, आपापली पोरं शोधून हसले, चहा पिऊन गेले. एकजणी मात्र मुंगीच्या चित्रापुढून हलेना. मुंगीची आई. तिने बोट पुढे केलं आणि कागदावरच्या त्या खरबरीत जागेवरून हळूच फिरवलं.

"इथे काही होतं का हो?"

"होतं. चुकलं होतं तिचं, मी पुसलं," बाई पुढे येत म्हणाल्या.

"बरं केलंत," आई म्हणाली. मग व्हरांड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने एक नजर टाकली आणि गळ्याभोवतीचा रुमाल वर ओढला. पण बाई या वेळी मागे नव्हत्या, समोर उभ्या होत्या. रुमाल वर जाण्याआधी त्यांना दिसलं: आईच्याही डाव्या जबड्याखाली चार पट्टे. तेच, तसेच, तितक्याच अंतरावर.

मुलीने भर वर्गात बसून सगळं सांगितलं होतं, आणि आपण ते खोडरबराने पुसून वर तिला शहाणपण शिकवलं. बाईंना स्वतःचीच किळस आली.

पालक पांगल्यावर त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर वाईट नव्हते, नुसते सावध होते. चित्र हातात घेऊन त्यांनी आडवं-उभं फिरवून पाहिलं. "यात तर काहीच नाही, बाई. आईही काही बोलली नाही म्हणता. मुलगी स्वतः बोलली तर मी लगेच वर कळवतो. तिला बोलती करा."

बोलती करायची म्हणजे पेन्सिल द्यायची, एवढंच बाईंना ठाऊक. सोमवारी त्यांनी वर्गाला पुन्हा आरसे काढायला लावले. पोरं कुरकुरली. बाई खुर्ची ओढून मुंगीच्या अगदी समोर बसल्या. आज भुवईवर ताजी जखम होती, आणि डोळ्याखाली निळं पडलं होतं.

"काय झालं गं?"

"पडले."

"बरं. काढ. जे दिसतं ते सगळं काढ. मी काहीही पुसणार नाही."

मुंगी आरशात बघत राहिली, मग मन लावून काढत राहिली. तास संपायच्या आधी तिने कागद बाईंकडे सरकवला. भुवई अखंड होती. डोळ्याखाली कोरा कागद होता. डावा गाल लख्ख, उजवा सावलीत. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

बाईंनी तिचा हात धरला आणि तशीच तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. सरांनी मुंगीची भुवई पाहिली, चष्मा काढला, आवाज मऊ केला. "घाबरू नकोस बाळा. घरी कोणी मारतं का तुला?"

"नाही सर. पडले." मुंगीने बाईंच्या हातातलं चित्र सरांच्या टेबलावर नीट सरळ करून ठेवलं. "हे बघा, लागलेलंसुद्धा नाही फारसं. बाईंना विचारा हवं तर. जे दिसतं तेच काढायचं असतं."