हो म्हणणारा पक्षी

रविवारी सकाळी आठ वाजता बस डेपोच्या मागच्या पटांगणात पाच-सहाशे माणसं खाली बसून आकाशाकडे बघत होती, आणि आकाशात अजून काहीही नव्हतं. तरी बघत होती. नुसतं बघायचं असलं की आपल्या माणसांना कंटाळा म्हणून येत नाही.

समोर मंचावर आकाशबाबा. पांढरा झगा, पांढरी दाढी, आणि दोन्ही तळवे उताणे मांडीवर ठेवलेले, म्हणजे हातात काही नाही हे शेवटच्या रांगेलाही दिसावं. मंचापुढच्या डांबरी पट्ट्यावर पांढरा पक्षी उभा होता. पंखांचा पसारा दोन मीटर, अंगभर पिसं चिकटवलेली, आणि चोचीच्या जागी चक्क फिरणारा पंखा. त्याचाही खुलासा तयार होता. "या युगात हवा इतकी जड झाली आहे, की नुसत्या पंखांनी काम भागत नाही," माइकवरचा चेला म्हणाला, "म्हणून पक्ष्यानं हे रूप घेतलंय." लोकांनी माना डोलावल्या. हवा जड झाल्याचं त्यांनाही कधीपासून जाणवत होतं म्हणे.

मग बाबांनी डोळे मिटले. "घेशील का रे, या लेकरांचं दुखणं?"

पक्ष्याचं शेपूट उजवीकडे वळलं, मग डावीकडे.

"नाही म्हणतोय," बाबा कळवळले. "भार फार झाला म्हणतोय. अरे, तू नाही तर कोण घेणार?"

शेपटाची आडवी पट्टी वर गेली, खाली आली.

"हो म्हणाला," चेला ओरडला, आणि सगळं पटांगण रडायला लागलं. शेवटी शेपूट उजवीकडे दोनदा झटकन हललं. त्याचाही अर्थ होता. "पुढच्या रविवारी परत या म्हणतोय." पक्षी मोठा व्यवहारी होता.

नंतर तो धावला, उडाला आणि बसलेल्यांच्या डोक्यांवरून गोल फिरू लागला. बाबांचे हात मांडीवरून हलले नाहीत. पाच फेऱ्या, बास. सहावी माणसाला सोसत नाही, असं चेला म्हणाला. बॅटरीला सोसत नाही असं म्हणाला असता, तर आयुष्यात एकदा तरी खरं बोलला असता.

हे मला कसं माहीत? मी तंत्रशाळेत लेथ शिकवते आणि अठरा वर्षं रिमोटची विमानं बनवते. बनवते, उडवते, पाडते, परत बनवते. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या कापून सांगाडा करायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा इस्त्रीनं ताणून चिकटवायचा, शेपटाच्या पट्ट्यांना तारा जोडायच्या. त्या पक्ष्यात मला न कळण्यासारखं काही नव्हतं. मला न कळण्यासारखी गोष्ट माझ्या शेजारी बसली होती, ती म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

माझ्या निम्म्या विमानांना इस्त्री ताईनं केली आहे. माझ्या हातून पापुद्र्याला सुरकुत्या पडतात, तिच्या हातून कधी एकही पडली नाही. आणि ती ताई त्या चिकटवलेल्या पिसांना हात जोडून बसली होती.

ताईला काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर कडेनं मरत येते, दुखत नाही, कळतही नाही. डॉक्टरांनी थेंब दिले होते, रोज दोन वेळा, जन्मभर. बाबांच्या मंचाशेजारी एक निळं पिंप होतं. पक्ष्यावर विश्वास असेल तर औषधं त्यात टाकायची, वेष्टनातून काढून, "म्हणजे मागे फिरायचा मोह नको." तीन आठवड्यांपूर्वी ताईनं थेंबांची बाटली त्यात टाकली होती. मला हे त्या रविवारी कळलं. मला सोबत कशाला आणलं, तर पटांगणाच्या पायऱ्या तिला नीट दिसत नव्हत्या म्हणून.

घरी येऊन मी तिच्या स्वयंपाकघरात आदळआपट केली.

"ताई, ते विमान आहे. तू त्याच्यापेक्षा चांगली इस्त्री करतेस."

"विमानाला रिमोट लागतो," ती शांतपणे म्हणाली. "अठरा वर्षं बघतेय तुला, गळ्यात पट्टा अडकवून उभी असतेस. त्यांच्या हातात काही होतं का? होतं का सांग."

"दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल."

"कुणाच्या?"

गाडं तिथंच अडत होतं.

"आणि थेंबांनी काय दिवे लावले?" ताई म्हणाली. "घातले की आग होते, डोळे लाल होतात. डॉक्टर स्वतः म्हणाल्या, यानं नजर सुधारणार नाही, आहे ती टिकेल. बाबा म्हणतात, गेलेली परत येईल. तू माझ्या जागी असतीस तर कुणाकडे गेली असतीस?"

हे बोलता बोलता तिनं पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला आणि डावीकडे ठेवलेला पेला कोपरानं खाली पाडला. तो तिला दिसलाच नव्हता. मी पेला उचलून तिच्या उजवीकडे ठेवला.

त्या आठवड्यात मी पोलीस चौकीत जाऊन आले. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण बाई, गुडघ्याला फरक पडतो हो." ते दुसऱ्या रांगेत बसत असत.

मग मी वहीत पक्ष्याचा मार्ग काढून बघितला, जसा आठवत होता तसा. पक्षी पटांगणभर फिरत होता, पण कडेला उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या मागे एकदाही गेला नव्हता. औषधं न्यायची गाडी, असं सांगत होते. तिची काळी काच पटांगणाकडे. विमान उडवणाऱ्याला विमान दिसावंच लागतं, त्याच्या पाठीमागे तो ते नेत नाही. एवढं झालं, आणि मग मला शेपूट आठवलं.

उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. अहो, हे आम्ही प्रत्येक जण उडवण्याआधी करतो. रिमोटची दांडी हलवायची आणि शेपूट बरोबर वळतंय ना ते बघायचं. तार उलटी जोडली गेली असेल तर जमिनीवरच कळतं, हवेत कळलं तर विमानाचे तुकडे गोळा करावे लागतात. बाबांच्या पक्ष्याचं 'नाही' आणि 'हो' म्हणजे आमची रोजची तपासणी होती. आणि उजवीकडचे शेवटचे दोन झटके? ते आमच्या विमानं उडवणाऱ्यांच्या अख्ख्या क्लबात एकच माणूस द्यायचा.

त्याला आम्ही घाईकुमार म्हणायचो. मोबाइल दुरुस्त करायचा. एकदा त्याची उजवीकडची तार निसटली होती आणि विमान झाडात गेलं. तेव्हापासून सगळी तपासणी झाली तरी उजवीकडे दोनदा झटका दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हात चांगला होता, अक्कल नव्हती. बघणाऱ्यांच्या डोक्यावरून विमान नेऊ नको म्हणून सतरा वेळा सांगितलं. चार किलोचं विमान, मोटारसायकलच्या वेगानं येणारं, खाली पोरं बसलेली. ऐकलं नाही, तेव्हा क्लबातून काढला. आता त्याला असा मालक मिळाला होता, जो डोक्यावरूनच ने म्हणून सांगत होता.

ओळखलं तरी विमान हवेत असताना व्हॅनचं दार उघडायची सोय नव्हती. उडवणारा दचकला तर ते खालच्या माणसांवर पडणार. जे करायचं ते जमिनीवर, तपासणी चालू असतानाच. मी आमच्या क्लबातल्या सुतारकाकांना बोलावलं. ते बोलतात कमी आणि पाना कायम खिशात ठेवतात.

पुढच्या रविवारी ताईला पहिल्या रांगेत बसवलं. "बघ, आलीस ना वळणावर," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि व्हॅनकडे गेले.

"घेशील का रे, या लेकरांचं दुखणं?"

शेपूट उजवीकडे, डावीकडे. "नाही म्हणतोय..."

मी दार सरकवलं. आत घाईकुमार स्टुलावर, गळ्यात पट्टा, पोटावर रिमोट. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, तुम्ही?"

"मोटरचा खटका बंद आहे का?" मी आधी तेच विचारलं.

"बंद आहे." सवयीनं उत्तर दिलं बिचाऱ्यानं.

"मग दे इकडे."

एका अर्थानं तो माझा विद्यार्थीच. दिला. मी पटांगणात आले तेव्हा सुतारकाका पक्ष्याजवळ पोचले होते. त्यांनी पक्षी घट्ट धरला, पान्यानं चोचीचा पंखा काढला आणि खिशात टाकला. आता मोटर सुरू झाली असती तरी कुणाचं बोट गेलं नसतं.

"कोण आहे तो?" बाबांचे डोळे खाडकन उघडले. "पक्ष्याला स्पर्श केलास तर भस्म होशील."

सुतारकाकांनी बाबांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून तरी नाही."

मी रिमोट ताईच्या मांडीवर ठेवला आणि तिचा अंगठा दांडीवर नेला. तिनं तो चाचपला. काय आहे ते तिला लगेच कळलं, माझे रिमोट तिनं हजारदा पुसले आहेत.

"वर ढकल, ताई."

तिनं ढकललं. पक्ष्याचं शेपूट हललं.

"काय झालं?" ताईनं विचारलं. नजर रिमोटवर असताना कडेचं शेपूट तिला दिसत नव्हतं. शेजारची बाई पुटपुटली, "हो म्हणाला."

ताईनं दांडी आडवी केली.

"आता नाही म्हणाला."

ताईनं ती वर नेली, आडवी केली, परत वर नेली. हो, नाही, हो. तिचा चेहरा बघवत नव्हता. मग तिनं मंचाकडे तोंड करून विचारलं, "बाबा, माझी नजर येणार होती ना? तुमचा पक्षी आता माझ्या हातात आहे. काय म्हणायला लावू त्याला?"

बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हात आभाळाकडे करून म्हणाले, "बघा, लेकरांनो, शक्ती या माउलीच्या हातात उतरली आहे." आणि खोटं कशाला सांगू, पंधरा-वीस जणांनी ताईला हात जोडले. डोळ्यांसमोर दार उघडलं, आतून माणूस निघाला, गळ्यात पट्टा निघाला, आणि हे हात जोडतायत. अशा वेळी माझ्यासारखीनं कपाळ कुठं बडवून घ्यावं ते सांगा.

पण बाकीचे उठले. पहिले उठले ते हवालदार, गुडघा धरत. ते व्हॅनकडे गेले आणि घाईकुमारनं त्यांना न विचारताच सगळं सांगितलं. माझी लोकांना विमानाचं शास्त्र समजावून सांगायची तयारी होती. कुणी विचारलंच नाही. सगळे पिंपाकडे धावले होते.

पिंपात वेष्टनातून सोडवलेल्या गोळ्यांचा खच पडला होता, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. साखरेची कुठली, रक्तदाबाची कुठली, फिट येऊ नये म्हणून घ्यायची कुठली, कोण ओळखणार? एक म्हातारे गृहस्थ मूठभर गोळ्या तळहातावर घेऊन एकेकाला विचारत होते, "यातली माझी कोणती?" मी त्यांच्या हातातून त्या काढून घेतल्या आणि त्यांना तसंच दवाखान्यात पाठवलं. बाबा त्या गडबडीत कधी पसार झाले ते कळलं नाही. कुठंतरी पुन्हा उगवतील. दाढी काळी करतील, पक्ष्याच्या जागी मासा आणतील.

सोमवारी मी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अंधाऱ्या खोलीत एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर बारीक उजेड लुकलुकतो, दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसले होते, तंत्रज्ञाच्या पडद्यावर मला ठिपके दिसत होते. उजवीकडे ठिपका आला की ताई बटण दाबायची. डावीकडे ठिपका येत होता, जात होता, पुन्हा येत होता, आणि ताई पुढचा दिवा लागायची वाट बघत शांत बसली होती.

"हे या महिन्यात गेलं का?" तिनं नंतर विचारलं.

"नेमकं किती या महिन्यात गेलं ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या तपासणीला डावी बाजू यापेक्षा बरी होती. गेलं ते आता परत येणार नाही. राहिलंय ते राखू."

'मी सांगत होते ना' असं मी म्हटलं नाही, जिभेवर आलं होतं तरी. मला माझाही राग येत होता. अठरा वर्षं तिच्या इस्त्रीवर विमानं उडवली, आणि ती रोज थेंब घालते का हे एकदा विचारलं नव्हतं.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणाचे रिकामे हात बघून भुलू नका. गोष्ट हलली तर ती कुणीतरी हलवतंय, तो कुठं बसलाय ते शोधा, आणि सापडेपर्यंत निदान औषध तरी फेकू नका. चमत्कार खरा असेल तर तुमच्या गोळीशी त्याचं वैर असायचं कारण नाही.

बाहेर बाकावर एक पोक्त बाई चिठ्ठी चुरगाळत बसल्या होत्या. ताईला नवीन बाटली घेऊन येताना बघून म्हणाल्या, "हेच दिलंय मला पण. फार झोंबतं हो. आणि फरक काहीच वाटत नाही. बंद करावं म्हणतेय."

ताई बाकाची कड चाचपत त्यांच्या शेजारी बसली.

"झोंबतं," ती म्हणाली. "फरकही वाटत नाही. कधीच वाटणार नाही. तरी घाला."