सातव्या हँडलला उठणारी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. खटारा म्हणालात तर मात्र भोंगा वाजवून तुमचे कान बधिर करीन. भोंग्याचा रबरी फुगा तीनदा बदलला, पण आवाज अजून तोच आहे. सध्या मी संग्रामपूरच्या बाजाराच्या कडेला एका कडुनिंबाखाली उभी असते. सातपुड्याकडून वारा येतो, भाड्याची माणसं जमेपर्यंत काही काम नसतं, आणि गप्पा मारायची खोड मला पहिल्यापासूनच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यात बसून मी मुंबईला आले आणि तिथून आगगाडीनं मलकापूर स्टेशनावर उतरले. बुलढाण्याच्या रामराव वकिलांनी मला विकत घेतलं होतं. त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि राजूर घाट एका दमात चढून मी बुलढाण्यात शिरले. कचेरीतले कारकून लेखण्या कानावर ठेवून मला पाहायला बाहेर आले. त्या वेळी आमच्या वऱ्हाडात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. खोटं कशाला बोलू, मी जरा चढूनच गेले होते.

आठ वर्षं मी वकीलसाहेबांची चाकरी केली. त्यांचा ड्रायव्हर शकूर मला रोज पुसायचा, टाकीत पाणी घालायचा, तेल पाहायचा. पुढे वय झालं आणि मला दोन खोडी जडल्या. पहिली म्हणजे थंडीत मी लवकर उठेना. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं की माझं इंजिन जागं होतं. पूर्वी एका फेऱ्यात काम व्हायचं, आता सात लागू लागले. दुसरी अशी की घाट चढताना माझ्या टाकीतलं पाणी उकळायचं आणि अर्ध्या वाटेत थांबून मला नवं पाणी पाजावं लागायचं.

पक्षकारांसमोर हे सगळं वकीलसाहेबांना कमीपणाचं वाटे. त्यांनी खामगावच्या एका एजंटाकडून नवी मोटार हप्त्यानं घेतली. माझी रवानगी गोठ्याशेजारी झाली. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली. शकूर नव्या मोटारीला पुसू लागला, आणि मला फार वाईट वाटलं.

तशात वडनेर भोलजीचा एक चक्कीवाला येऊन मला पाहून गेला. इंजिन काढून चक्कीला लावायचं आणि बाकीचं भंगारात द्यायचं, असा त्याचा बेत होता. जिनं राजूर घाट पालथा घातला, तिनं उरलेला जन्म ज्वारी दळत काढायचा! माझ्या अंगावरचा रंग त्या दिवशी दोन ठिकाणी उडाला असेल.

त्याच सुमारास चिखलीचा रहेमतुल्ला माझ्याकडे आला. तो जातिवंत टांगेवाला होता, पण मोटारी आल्यापासून टांग्यात कोणी बसेना. त्यानं घोडा आणि टांगा विकला, बायको सरवरीनं पायातले चांदीचे तोडे गहाण ठेवायला काढून दिले, आणि दोघांचे मिळून सहाशे रुपये झाले. त्यातून भाड्याची मोटार घ्यायची होती. घेतलेली मोटार चुकली, तर घोडाही गेला आणि मोटारही. मग जिनिंग कारखान्यात कापसाचे गठ्ठे उचलायला जाण्यावाचून गत नव्हती. मोटार हाकायला तो शकूरकडूनच शिकला होता.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. वकीलसाहेबांना साडेपाचशे रोख मोजून मला न्यायचं, किंवा त्याच एजंटाला सहाशे देऊन कोरी मोटार आणायची आणि पुढे वीस महिने शंभर शंभर भरायचे. रहेमतुल्लाचं मन नवीवर बसलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. माझ्याकडे तो पाहुण्यानं शिळ्या भाकरीकडे पाहावं तसा पाहत होता.

त्याच्याबरोबर कडूबा आला होता. कडूबा त्याचा शेजारी. जन्मात मोटारीत बसलेला नव्हता, पण बैलांची पारख अशी, की चिखलीच्या बाजारात त्याला विचारल्याशिवाय कोणी दावं हातात घेत नसे. ते दुपारी येणार हे आधीच कळवलेलं होतं. म्हणून वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून शकूरनं मला अगोदरच अर्धा तास चालवून ठेवलं होतं. रहेमतुल्लानं हँडल मारलं आणि मी पहिल्याच फेऱ्यात उठले. तो खूश झाला. कडूबा पुढे आला. त्यानं माझ्या इंजिनाच्या झाकणावर, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, हात ठेवला.

"शकूरमियाँ, हे तं पहिलेच गरम हाय," तो म्हणाला.

शकूर पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"बैल पाह्याले येतो म्हनून निरोप धाडला, का दलाल त्याले गूळ चारते," कडूबा म्हणाला. "बैल पाह्यचा तं झुंजूमुंजू गोठ्यात जाऊन, तो उठते कसा ते पाह्यचं. आमी आज जातो. पुन्हा कवा येऊ ते सांगत नाई."

ते गावात सराईत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच हजर झाले. पौषातली थंडी होती. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण कडूबा मोठ्यानं मोजत होता आणि माझं इंजिन सातव्या फेऱ्याला उठलं. मग त्यानं मला घाटावर न्यायला लावलं. उतरताना मी शहाण्यासारखी उतरले. चढताना दुसऱ्या वळणावर पाणी उकळलं आणि वाफेनं रहेमतुल्लाचं पागोटं ओलं झालं. झालं, आता चक्की, असं मी मनात म्हटलं.

"ही तं बुढी हाय, कडूबाभाऊ," रहेमतुल्ला म्हणाला.

कडूबा मात्र हसत होता. "अरे, दोन खोडी हायेत, दोन्ही दिसल्या. दिसली त्या खोडीचं काय भेव? दिसत नाई तिचं भेव. पानी पेते अन् पुन्हा चढते ना?"

पाणी पिऊन मी चढलेच. परत गेल्यावर वकीलसाहेबांनी शरमून शंभर रुपये आपणहून कमी केले. माणूस वाईट नव्हता. तरी रहेमतुल्लानं होकार दिला नाही. त्याला एकदा नवी पाहायची होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण रहेमतुल्लाच्या अंगणात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली, की मला ती तोंडपाठ आहे. एजंट कोरी मोटार घेऊन चिखलीला आला. तिला हँडलही नको होतं. आत बसून एक खटका दाबला की झालं. अख्खी गल्ली गोळा झाली. रहेमतुल्ला तिच्या दारावरून हात फिरवत राहिला.

"हिची खोड काय?" कडूबानं विचारलं.

"एकही नाही," एजंट म्हणाला, आणि ते खरंच होतं. मित्रांनो, तिचा हेवा वाटला तरी मी तिला नावं ठेवणार नाही.

तेवढ्यात दाराच्या पडद्यामागून सरवरी बोलली. "कडूबाभाऊ, त्याइले इचारा, आखाडात काळ्या मातीत चाक रुतते, नाल्याले पूर येते, दसऱ्यापावतर मोटार अंगनात उभी राह्यते. तवा हप्ता बी उभा राह्यते का?"

एजंट हसला. "हप्ता कसा उभा राहील, बाई? तो दर महिन्याला चालणारच."

"अन् दोन चुकले तं?"

"तर मोटार आम्ही परत नेतो. कागदातच लिहिलेलं आहे."

मग सरवरी नवऱ्याला म्हणाली, "वकीलसायबाची कचेरी पावसात बी चालते. त्याइले हप्ता सोसते. आपली रोजी दिवाई ते जेठ. नवी घेतली तं वीस महिने तुमी तिचे डायवर, मालक हे एजंटसायेब. जुनी घेतली तं आजपासून मालक तुमी."

रहेमतुल्लानं नव्या मोटारीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग त्यानं तिचं दार हळूच लावलं आणि एजंटाला चहा दिला. दुसऱ्या दिवशी साडेचारशे रुपये मोजून तो मला चिखलीला घेऊन आला.

तो माझ्यावर खूश नव्हता, हे मला कळत होतं. पण उरलेल्या दीडशेतून त्यानं माझे टायर बदलले, टपाला नवं कापड लावलं, आणि पाण्याचे दोन डबे कायमचे बरोबर घेतले. त्या उन्हाळ्यात मी लग्नाची वऱ्हाडं नेली, बाजारकरी नेले, एकदा एक बोकडही नेला. सरवरीचे तोडे जेठ संपायच्या आत सोडवून परत आणले. मग मृग लागला आणि मी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या छपराखाली उभी राहिले. चार महिने मी एक पैसा मिळवला नाही, आणि चार महिने माझा हप्ता मागायला कोणी दारात येऊन उभं राहिलं नाही.

त्याच चार महिन्यांत, पोळ्याच्या दिवशी, कडूबा आपले सजवलेले बैल घेऊन सलामीला आला. उरलेला गोंडा त्यानं माझ्या भोंग्याला बांधला आणि पुरणाची पोळी झाकणावर ठेवली.

"हिनं काय काम केलं दोन महिने?" रहेमतुल्ला म्हणाला.

"पोयाच्या दिवशी बैलाले इचारते का कोनी?" कडूबा म्हणाला. रहेमतुल्ला हसला आणि आत जाऊन तेलाचं फडकं घेऊन आला. त्या दिवसापासून त्यानं मला बुढी म्हटलं नाही. रोज पहाटे तो सात फेरे मोठ्यानं मोजायचा, आणि सातव्याला म्हणायचा, "उठली माही रानी."

दहा वर्षं अशी गेली. त्यानं पैसे साठवून, एकही हप्ता न ठेवता, नवी मोटार आणली. दोघींना सांभाळणं जमेना. तेव्हा संग्रामपूरचे उकंडराव मला पाहायला यायचं म्हणू लागले. त्यांना शेगावच्या स्टेशनापर्यंत भाडं करायचं होतं, आणि गाठीला जेमतेम तीनशे रुपये होते. रहेमतुल्लानं त्यांना निरोप धाडला: झुंजूमुंजू या.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की काही ना काही विकत घ्याल, काही विकालही. नवं घ्या, नाहीतर जुनं घ्या. पण ते थंड असताना पाहा, त्याची खोड विचारून घ्या, आणि खोड कळूनही घरी आणलंत तर मग ती सांभाळून घ्या. विकायची वेळ आली तर आधी गरम करून ठेवू नका.

उकंडराव आले तेव्हा अंगणात दव होतं. त्यांनी आधी माझ्या झाकणावर हात ठेवून पाहिला. "थंडीत सात हँडल घेते," रहेमतुल्ला त्यांना म्हणाला, "अन् घाटात दोनदा पानी पेते. बाकी सोनं हाय." उकंडराव मोजू लागले. आता तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवशी मला तिसऱ्याच फेऱ्याला जाग आली होती. पण तिसऱ्याला उठले असते, तर रहेमतुल्लानं मला अगोदर गरम करून ठेवलं असं त्या भल्या माणसाला वाटलं असतं. म्हणून मी श्वास रोखून राहिले, आणि सातव्याला उठले.